पृथ्वी महिनोन्‌महिने ‘वाजते’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर पृथ्वी कित्येक महिने घंटेसारखी वाजत होती असं वाचलं. मग आपल्याला काहीच कसं जाणवलं नाही? किल्लारीच्या वेळीही असं झालं होतं का? अशा कंपनांनी दुसरीकडे भूकंप होऊ शकतो का? आणि घरी रास्पबेरी शेक (छोटा घरगुती भूकंपमापक) बसवलाय, त्यात हे दिसेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही दिसणार. पण घरबसल्या संगणकावर मात्र पाहता येईल, आणि तेही खास २००४ चंच. कसं ते शेवटी सांगतो. आधी ‘घंटा’ या शब्दाने झालेला घोटाळा निस्तरू.

घंटा म्हटलं की डोळ्यांपुढे थरथर येते. इथे थरथर नाहीच. इथे अख्खी पृथ्वी आपला आकार बदलते, आणि इतक्या सावकाश की एका आवर्तनाला तासभर लागावा. सर्वांत खालच्या सुराचं शास्त्रीय नाव झिरो एस टू, आवर्तनकाल सुमारे ५३.९ मिनिटं. या दोलनात पृथ्वी आधी लिंबासारखी लांबुळकी होते आणि सत्तावीस मिनिटांनी संत्र्यासारखी चपटी. पुन्हा लिंबू, पुन्हा संत्रं. वारंवारता ०.३०९ मिलिहर्ट्झ. माणसाला ऐकू येणारा सर्वांत खर्जातला आवाज २० हर्ट्झच्या आसपास धरला, तर हा सूर त्याच्याही सोळा सप्तकं खाली आहे.

दुसरा महत्त्वाचा सूर झिरो एस झिरो, म्हणजे श्वासाचा. यात पृथ्वी सगळीकडून एकसारखी फुगते आणि आकसते, आवर्तनकाल २०.५ मिनिटं. तिसरी जात पिळाची. ओला टॉवेल पिळताना दोन हात उलट फिरतात, तसे दोन गोलार्ध एकमेकांविरुद्ध वळतात. तो झिरो टी टू, सुमारे ४४ मिनिटांचा. पिळाच्या दोलनात जमीन वर-खाली होत नाही, फक्त आडवी सरकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सूर येतात कुठून? मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरी पृथ्वीला फेरी मारतात. ४०,००० किलोमीटरच्या या प्रदक्षिणेला सुमारे तीन तास लागतात. लहरी दोन्ही दिशांनी निघालेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींवर चढतात. काही फेऱ्यांनंतर ‘लहर आली, लहर गेली’ असं म्हणण्यात अर्थ उरत नाही. ज्या लहरी परिघात नेमक्या बसतात त्याच टिकतात आणि जागच्या जागी डोलत राहतात, बाकीच्या एकमेकींना खोडून काढतात. तानपुऱ्याच्या तारेवर हेच होतं. फरक इतकाच की इथे तार नाही, तीन मितींचा गोळा आहे, आणि त्याला अडकवलेली टोकं नाहीत.

गणितज्ञांना हे भूकंपाच्या नोंदींच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पृथ्वीएवढा पोलादी गोळा वाजवला तर त्याचा सर्वांत संथ सूर ७८ मिनिटांचा असेल, असं लॅम्बने १८८२ मध्ये काढलं. १९११ मध्ये लव्हने गुरुत्वाकर्षण हिशेबात धरलं आणि आकडा ६० मिनिटांवर आला. १९५२ च्या कामचात्का भूकंपाच्या नोंदीत भूकंपशास्त्रज्ञ बेनिऑफला ५७ मिनिटांचं काहीतरी दिसलं होतं, पण शंका उरली. ती फिटली २२ मे १९६० च्या चिली भूकंपाने. मोजमाप झालेल्यांपैकी आजवरचा सर्वांत मोठा, ९.५ चा. त्याच वर्षी हेलसिंकीच्या परिषदेत वेगवेगळ्या गटांनी आपापली शिखरं, म्हणजे कोणत्या वारंवारतेला जोर आहे हे दाखवणारे आलेखावरचे उंचवटे, समोर ठेवली, तेव्हा एक मजा झाली. जमिनीचा ताण मोजणाऱ्या यंत्रात दिसलेली काही शिखरं गुरुत्वमापकात नव्हतीच. ही चूक नव्हती, तोच पुरावा ठरला. ती पिळाची दोलनं होती, आणि गुरुत्वमापकाला वर-खाली हालचालच कळते.

आता जाणवण्याचं. आकडे भूकंपागणिक आणि ठिकाणागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरतं झिरो एस टूमध्ये जमीन १ मिलिमीटर वर-खाली होते असं धरू. आवर्तनकाल ३,२३३ सेकंद, म्हणजे जमिनीचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला सुमारे २ मायक्रॉन. त्वरण निघतं ०.३८ मायक्रोगॅल, म्हणजे आपल्या रोजच्या ‘जी’च्या एक अब्जांशाच्या निम्म्याहूनही कमी. ७० किलोच्या माणसाचं वजन त्यामुळे साधारण २७ मायक्रोग्रॅमने बदलेल. शिवाय तुमच्याबरोबर घर, रस्ता, शेजारचं गाव, अख्खा जिल्हा एकाच वेळी वर जातोय. तुलना करायला जवळ काही स्थिर नाही.

खरं तर याहून कितीतरी मोठी हालचाल तुम्ही रोज सोसता. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी घट्ट जमिनीलाही येते, आणि ती दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते. तिचा पत्ता कुणाला लागतो?

‘महिनोन्‌महिने’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. तो सगळ्या सुरांना लागू नाही. कोणता सूर किती टिकेल हे त्याच्या क्यू या आकड्यावर ठरतं. क्यू जितका मोठा तितकं घर्षणात कमी वाया जातं. झिरो एस टूचा क्यू ५१० च्या आसपास, म्हणून त्याचा आयाम, म्हणजे हेलकाव्याची उंची, साधारण ६ दिवसांत ३७ टक्क्यांवर येतो. त्याच जातीचा वरचा सूर झिरो एस फाइव्ह तर दीड दिवसातच तिथे पोहोचतो. श्वासाच्या सुराचा क्यू मात्र सुमारे ५,५००. त्यात मुख्यतः दाबलं जाणं आणि सैल होणं आहे, घासणं फार थोडं. त्याला त्याच ३७ टक्क्यांवर यायला सुमारे २५ दिवस लागतात, आणि तेवढ्यात १,७५० श्वास होऊन गेलेले असतात. सुमात्रानंतर महिनोन्‌महिने जे चालू होतं ते हे एकच दोलन. बाकीचे सूर काही आठवड्यांत गोंगाटात बुडाले.

किल्लारीचं काय? ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप ६.२ चा होता. इतक्या संथ सुरांमध्ये आयाम ठरतो भूकंपाच्या आघूर्णावर: किती क्षेत्र फाटलं, किती सरकलं आणि खडक किती ताठ, या तिन्हींचा गुणाकार. मापनात १ चा फरक म्हणजे आघूर्णात सुमारे ३२ पट. सुमात्राचा ९.१ आणि किल्लारीचा ६.२ यांच्यात हा फरक २२,००० पटींच्या घरात जातो. म्हणजे सुमात्राचा मुळातच सूक्ष्म असलेला संकेत आणखी २२,००० ने भागा. तत्त्वतः किल्लारीनेही पृथ्वीला हलवलंच, पण ते कोणत्याही यंत्राच्या गोंगाटाखाली गाडलेलं आहे. १९६७ च्या कोयनेचं उत्तरही हेच. नुकसान किती झालं याचा इथे काही संबंध नाही. उथळ, वस्तीखाली झालेला ६.२ गावंच्या गावं पाडतो आणि पृथ्वीच्या लेखी ती नुसती टिचकी असते.

आकाराखेरीज भूकंपाची जातही पाहावी लागते. भूपट्ट एकमेकांवर चढणारा भूकंप श्वासाचा सूर चांगला चाळवतो. उभ्या भेगेवर दोन्ही बाजू आडव्या सरकल्या तर श्वासाला जवळजवळ काही मिळत नाही आणि पिळाचे सूर जोरात येतात. ११ एप्रिल २०१२ चा सुमात्राच्या पश्चिमेचा ८.६ चा भूकंप या दुसऱ्या प्रकारचा. खोलीचाही प्रश्न असतो. ९ जून १९९४ चा बोलिव्हियाचा भूकंप मापनात फक्त ८.२, पण ६०० किलोमीटरहून खोल. पृथ्वीच्या पोटातूनच धक्का बसल्यामुळे त्यातून असे सूर मिळाले, जे त्याच मापनाच्या उथळ भूकंपात सहसा मिळत नाहीत. म्हणून ‘किती मापनाच्या पुढे पृथ्वी वाजते?’ याला एक आकडा नाही. ढोबळ सांगायचं तर ८ च्या पुढे चांगल्या यंत्रात काहीतरी सापडतं, पण झिरो एस टूची बारीक रचना पाहायची असेल तर त्याहून बराच मोठा भूकंप हवा.

दुसरीकडे भूकंप होण्याच्या भीतीत दोन गोष्टी मिसळल्या जातात. मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरी जाता जाता दूरवर छोटे भूकंप चाळवू शकतात. २००२ च्या अलास्कातल्या डेनाली भूकंपानंतर ते स्पष्ट दिसलं. पण ते लहरी जोरात असताना, पहिल्या काही तासांत. आपण ज्या दोलनांबद्दल बोलतोय त्यांचा खडकावरचा ताण एक मिलिमीटर आयामाला १० अब्ज भागांत एक-दोन भाग इतका. भरती-ओहोटीचा ताण याच्या काहीशे पट, तोही रोज दोनदा. त्यानेही भूकंप क्वचितच आणि जेमतेम ढकलले जातात. श्वासाच्या सुराला दोष देण्यात अर्थ नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण हे सूर पृथ्वीच्या पोटाचं वजन सांगतात. साध्या लहरींच्या प्रवासवेळेवरून वेग कळतो, घनता थेट कळत नाही. या दोलनांत मात्र खडकाच्या लवचीकपणाबरोबर गुरुत्वाकर्षणही स्प्रिंगचं काम करतं, त्यामुळे घनता वारंवारतेत उतरते. अंतर्गाभा घन आहे याचा भक्कम पुरावा १९७१ मध्ये याच सुरांतून मिळाला. १९८१ पासून जगभर वापरलं जाणारं पृथ्वीचं प्रमाणभूत प्रारूप, ‘प्रेम’ (इंग्रजी आद्याक्षरं PREM), ते बसवतानाही सुमारे हजारभर सूर वापरले गेले.

भूकंपाचं खरं मापनही यातून कळतं. सुमात्राचा पट्टा १,२०० किलोमीटरहून लांब फाटत गेला आणि त्याला आठ-दहा मिनिटं लागली. सुरुवातीचं ९.० हे मापन ३०० सेकंदांच्या लहरींवरून काढलेलं होतं. ती पट्टी अशा लांबलचक भूकंपाला तोकडी पडते. स्टाइन आणि ओकाल या भूकंपशास्त्रज्ञांनी सर्वांत संथ सुरांवरून हिशेब केला तेव्हा आघूर्ण अडीच पट निघालं, म्हणजे ९.३. पुढे इतरांचे आकडे ९.१ ते ९.३ च्या दरम्यान आले. माझ्या मते अशा राक्षसी भूकंपांत पहिल्या दिवसाचं मापन हे बयाण्यासारखं समजावं, हिशेब नंतर पुरा होतो.

आता तुमचं यंत्र. रास्पबेरी शेकमधला जिओफोन, म्हणजे कंपन टिपणारा सेन्सर, ४.५ हर्ट्झचा. त्याच्या खाली वारंवारता जशी घटते तसा त्याचा प्रतिसाद वर्गाने घसरतो. ०.३०९ मिलिहर्ट्झला तो काही अब्जांशांवर येतो. आतलं इलेक्ट्रॉनिक्स थोडी ओढाताण करतं, पण इतकी दरी भरून निघत नाही. मोबाइलचा सेन्सर तर विचारूच नका, लाखो पटींनी कमी पडतो. या कामाचे जुने मानकरी म्हणजे ३६० सेकंदांपर्यंत सपाट प्रतिसाद देणारे एसटीएस-१ सिस्मोमीटर. त्यांचाही प्रतिसाद झिरो एस टूपाशी ऐंशीव्या हिश्शावर आलेला असतो, पण स्वतःचा गोंगाट इतका कमी की भागतं. १ मिलिहर्ट्झच्या खाली त्यांच्याही पुढे जातात अतिवाहक गुरुत्वमापक, ज्यांत नायोबियमचा पोकळ गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगत असतो. भारतात असं एक यंत्र उत्तराखंडात घुट्टूला आहे. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आवारात फ्रेंच जिओस्कोप जाळ्याचं एचवायबी हे स्टेशनही आहे.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे यातल्या बहुतेक स्टेशनांचा डेटा फुकट मिळतो. पायथनमधली ऑब्सपाय ही लायब्ररी घ्या आणि अर्थस्कोपच्या, म्हणजे पूर्वीच्या आयरिसच्या, सर्व्हरवरून डेटा मागवा. पहिल्या प्रयोगाला जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं बीएफओ हे स्टेशन घ्या, नेटवर्क आयआय, चॅनेल एलएचझेड. हा उभ्या हालचालीचा, सेकंदाला एक नमुना देणारा चॅनेल. दहा दिवसांचे ८,६४,००० नमुने, कुठल्याही लॅपटॉपला हलके.

भूकंपाची वेळ २६ डिसेंबर २००४, ००:५८:५३ जागतिक वेळ, म्हणजे आपली सकाळी ६:२८:५३. पण डेटा २५ तारखेच्या ०० वाजल्यापासून घ्या. कारण भरती-ओहोटी काढण्यासाठी तुम्ही फिल्टर लावणार, आणि फिल्टर सुरुवातीला स्वतःच हेलकावतो. त्याचा हेलकावा २५ तारखेला संपू दे.

आधी सरासरी आणि उतार काढा. मग यंत्राचा प्रतिसाद काढून त्वरणात रूपांतर करा. विस्थापनात नको, त्यात अगदी खालचा गोंगाट डोंगरासारखा वर येतो आणि शिखरं त्याच्या उतारावर हरवतात. प्रतिसाद काढताना खालची मर्यादा ०.१ ते ०.२ मिलिहर्ट्झच्या मध्ये ठेवा. ती ठेवली नाही तर जिथे यंत्राला जवळजवळ काही ऐकूच येत नाही, तिथला कचरा तुम्ही हजारो पटींनी फुगवाल. नव्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

यानंतर भूकंपापासूनचे पहिले पाच तास कापून टाका. वाईट वाटतं, कारण सगळ्यात जोरदार भाग तोच दिसतो. पण तेव्हा लहरी अजून फेऱ्या मारत असतात आणि यंत्रही धक्क्यातून सावरत असतं. उरलेल्या तुकड्याला हॅन खिडकी (दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावा, शून्यं भरून लांबी वाढवा आणि फूरिए रूपांतर (नोंदीतल्या वारंवारता वेगळ्या काढणारं गणित) करा. आलेख फक्त ०.२ ते १ मिलिहर्ट्झ एवढाच काढा.

शिखरं कुठे हवीत? ०.३०९ ला झिरो एस टू, ०.४६८ ला झिरो एस थ्री, ०.६४७ ला झिरो एस फोर, ०.८१५ ला श्वास आणि त्याला जवळजवळ चिकटून ०.८४० ला झिरो एस फाइव्ह. शेवटच्या दोघांत अंतर फक्त ०.०२५ मिलिहर्ट्झ. दोन सूर वेगळे दिसायला नोंदीची लांबी किमान त्यांच्यातल्या अंतराच्या व्यस्ताइतकी लागते, म्हणजे इथे ११ तास. हॅन खिडकी शिखरं जाड करते, म्हणून दुप्पट धरा. अर्ध्या दिवसाचा डेटा घेतलात तर दोघं एकच ढेकूळ होऊन बसतील. उलट भूकंपानंतर दोन आठवड्यांनी सुरू होणारा तुकडा घ्या. झिरो एस फाइव्ह पार विझलेला असेल आणि श्वास सुईसारखा एकटा उभा दिसेल. क्यू म्हणजे काय हे सूत्रापेक्षा या दोन आलेखांत लवकर कळतं.

झिरो एस टू जवळून पाहा. दहा दिवसांच्या नोंदीत ते एक शिखर नसतं, हाताच्या पाच बोटांसारखी पाच असतात: साधारण ०.३००, ०.३०५, ०.३०९, ०.३१४ आणि ०.३१८. पृथ्वी फिरते, त्यामुळे पूर्वेकडे जाणारी लहर आणि पश्चिमेकडे जाणारी लहर यांना सारखा वेळ लागत नाही, आणि एक सूर पाचांत फुटतो. पाचही बोटं सगळीकडे सारखी उंच दिसत नाहीत. विषुववृत्ताजवळ दुसरं आणि चौथं बोट खुजं होतं. श्रीलंकेतल्या पल्लेकेलेला, सुमारे ७ अंशांवर, ती दोन्ही आपल्या कमाल उंचीच्या पावाइतकीच उरतात. ती दिसली नाहीत म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. श्वासाचं शिखर मात्र कधीच फुटत नाही. सगळीकडून सारखंच फुगायचं असेल तर फिरण्याने पूर्व-पश्चिम असा भेद करायला जागाच राहत नाही.

दिसलेलं शिखर खरं की खोटं, हे तपासायला भूकंपाआधीचा तेवढाच लांब तुकडा त्याच कृतीतून काढा. तिथे ही शिखरं नसायला हवीत. मात्र २३ ते २५ डिसेंबर हे दिवस वापरू नका. २३ डिसेंबरलाच मॅक्वारी बेटाजवळ ८.१ चा भूकंप झाला होता आणि त्याचे सूर अजून घोळत होते. नोव्हेंबरचा तेवढाच लांब शांत तुकडा घ्या. जाता जाता एक: तोही पूर्ण शांत नसतोच. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की भूकंप नसतानाही पृथ्वी २ ते ७ मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात सतत गुणगुणत असते, मुख्यतः समुद्राच्या लाटांमुळे. आपला पट्टा त्याच्या खाली आहे, म्हणून इथे त्रास नाही.

त्रास असतो तो हवेचा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की गुरुत्वमापकात सुमारे ०.३ मायक्रोगॅलचा फरक पडतो, म्हणजे आपल्या अख्ख्या संकेताइतका. स्टेशनच्या दाबाची नोंद मिळत असेल तर ती या गुणकाने वजा करा, खालची शिखरं लगेच उजळतात. एलएचएन आणि एलएचई या आडव्या चॅनेलांवर तर सुरुवातीला जाऊच नका. जमीन किंचित कलली तरी गुरुत्वाकर्षणाचा तुकडा त्यांच्यात शिरतो आणि पिळाचे सूर शोधता शोधता दमछाक होते. डेटात खंड असेल तर तो शून्यांनी भरण्याआधी भरती-ओहोटी काढलेली असली पाहिजे, नाहीतर खंडाच्या दोन्ही कडांवर पायऱ्या तयार होतात आणि पूर्ण स्पेक्ट्रम घाण होतो.

श्वास किती दिवस टिकला हे मोजायचं असेल तर लांब नोंद लागते. या सुराला सर्वांत सोयीची लांबी साधारण त्याच्या क्यूइतकी आवर्तनं, म्हणजे ७८ दिवस. दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडा, प्रत्येकातून ०.८१५ च्या शिखराची उंची घ्या आणि लॉगमध्ये मांडा. सरळ उतरती रेघ आली पाहिजे, आणि तिच्या उतारावरून तुमचा स्वतःचा क्यू निघेल. ५,५०० च्या आसपास आला तर काम जमलं. फक्त शेवटचा तुकडा २७ मार्च २००५ च्या पुढे नेऊ नका. २८ मार्चला नियासजवळ ८.६ चा भूकंप झाला आणि मागचा श्वास पुरता विझायच्या आतच पृथ्वीला नवा धक्का बसला. तिथून पुढे तुमची रेघ एकदम वर उडी मारेल.